‘भीषण’ म्हणजे किती हंडे?

बाई गेल्या. गेल्या आठवड्यात, नाशिकला मुलाच्या घरी, झोपेतच. वय ७७. बत्तीस वर्षं त्यांनी बागलाण तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. मी त्यांच्या हाताखाली आठवी ते दहावी होतो, १९९४ ते ९७. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच आहे, आणि बाईंना असलं काही आवडायचं नाही.

अमरधामला आम्ही चाळीसेक माजी विद्यार्थी असू. एक जण मार्केटला कांद्याची गाडी लावून तसाच आला होता, अंगावर कांद्याचा पाला. एक एसटीत कंडक्टर, एक तलाठी, दोघी जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, एक जण मुंबईत मोठ्या हुद्द्यावर. त्या मोठ्या हुद्देवाल्याला बाई शेवटपर्यंत ‘ळ चा ल करणारा’ म्हणूनच ओळखायच्या. तोही हे स्वतःच सांगत होता, डोळे पुसत.

बातमी कळली तशी दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू झाली. फुलांचे फोटो, हात जोडलेले, ते सगळं. त्यात अर्ध्यांचा ‘श्रद्धांजली’तला ‘द्ध’ चुकलेला. मग एका मित्राने, जो ग्रुपवर वर्षातून एकदा बोलतो, लिहिलं: ‘बाईंनी मला माझा निबंध घरी आईला वाचून दाखवायला लावला होता. आईला अक्षर येत नव्हतं. तिने ऐकून दोन चुका काढल्या. विहीर घराच्या उजव्या अंगाला आहे, मी डाव्या लिहिली होती. आणि बैल दोन नव्हते, तेव्हा एकच उरला होता.’ यानंतर ग्रुपवर फुलं थांबली. लोक वाक्यं लिहायला लागले. रात्री दोनपर्यंत.

मला काय शिकवलं ते सांगतो. आमच्या घरात अहिराणी. शाळेत मराठी. आमच्याकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. बागलाण, मालेगाव, देवळा, कळवणच्या बऱ्याच घरांत हेच होतं. प्राथमिक शाळेत अहिराणी शब्द तोंडातून गेला की हातावर छडी. ‘नीट बोल’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की घरचे लोक नीट बोलत नाहीत असंच वाटायचं. आठवीत बाईंनी पहिला निबंध दिला, ‘माझी आई’. मी घाबरत घाबरत पुस्तकी लिहिलं. माझी आई खूप प्रेमळ आहे, ती पहाटे उठते, ती माझ्यावर संस्कार करते. बाईंनी वही परत दिली. एकही खूण नाही. म्हणाल्या, "ही कोणाची आई आहे रे? ही तर गाईडातली आई आहे. तुझी काय करते?"

मी गप्प. मग तोंडातून निघालं, "मन्ही माय वावरमा जास."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. खाली लिहिलं, ‘माझी आई शेतात जाते.’ आणि विचारलं, "यात कोणतं चुकलंय?" कोणी बोलेना. म्हणाल्या, "कुठलंच नाही. एक घरचं आहे, एक परीक्षेचं. दोन्ही यायला पाहिजेत. आता वावरात जाऊन काय करते ते लिही." मग लिहिलं. उळं कधी टाकते, रोप कधी उपटते, निंदताना कंबर कशी धरते, गोल्टी वेगळी का काढून ठेवते. दीड पान झालं. त्या वयात दीड पान म्हणजे फार.

बाई स्वतः नाशिक शहरातल्या. अहिराणी त्यांना लग्नानंतर, नोकरीला आल्यावर ऐकायला मिळाली. सुरुवातीला त्यांनाही कळायची नाही. म्हणून त्यांनी एक जाड वही घातली. प्रत्येकाने घरातला एक शब्द आणायचा, जो पुस्तकात नाही. वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा, पुढे अर्थ, त्यापुढे तो घरात कोण बोलतं. आजी बोलते, आत्या बोलते, फक्त बैलाला हाकताना बापू बोलतो. साल्हेर-मुल्हेरच्या बाजूने वसतिगृहात आलेली कोकणा मुलं होती, ती वर्गात वर्ष वर्ष बोलायची नाहीत. त्या वहीत मात्र त्यांची पानंच्या पानं आहेत. कारण रानातल्या झाडांची नावं आमच्यापेक्षा त्यांना जास्त यायची, आणि बाई त्यांना विचारायच्या, आम्हाला नाही. आंडोर म्हणजे मुलगा, अंडेर म्हणजे मुलगी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊकच. पण डोंगळा म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा, हे वर्गातल्या सोनाराच्या पोराला माहीत नव्हतं. आणि सोनाराच्या भट्टीजवळचे शब्द आम्हाला. तास रंगायचा.

बहिणाबाई पुस्तकात आल्या की बाई वेगळ्याच व्हायच्या. सांगायच्या, या बाईला लिहिता येत नव्हतं. जळगावजवळच्या असोद्याची. घरकाम-शेतकाम करताना म्हणायची, कोणीतरी उतरवून घ्यायचं. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली, आणि मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली म्हणून ५२ साली पुस्तक निघालं. "वही दाखवली नसती तर?" एवढंच विचारून पुढच्या ओळीकडे. आमच्या घरच्या बोलीशी जवळचं असं काहीतरी बोर्डाच्या पुस्तकात छापलेलं बघून आम्हाला काय वाटलं असेल, ते शहरातल्या मित्रांना सांगणं अवघड आहे.

आता फळ्यावरचा पेपर. माझा धंदा तिथून सुरू झाला.

व्हरांड्यात एक जुना फळा होता. रोज सकाळी प्रार्थनेआधी दोघांनी त्यावर गावातल्या चार बातम्या लिहायच्या. माझी पाळी आली तो उन्हाळा होता. मी झोकात लिहिलं: ‘गावात पाण्याची भीषण टंचाई.’ पेपरात असंच असायचं ना. बाई आल्या, वाचलं, खडू हातात दिला. "भीषण म्हणजे किती हंडे?"

मी म्हटलं, म्हणजे खूप.

"खूप कोणाला? तुझ्या घरी किती येतात? वस्तीवर किती येतात? कोण भरतं? किती लांबून? मोजून ये. तोपर्यंत ‘भीषण’ पुसून टाक."

मी आणि दुसरा पोरगा दोन दिवस हिंडलो. आमच्या गल्लीत रोज सात हंडे मिळत होते, पलीकडच्या वस्तीवर दोन. आणि त्या दोनासाठी एक मुलगी, आमच्याच शाळेतली सातवीतली, पहाटे चारला उठून विहिरीवर जात होती आणि म्हणून पहिल्या तासाला झोपत होती. रोज मार खात होती. आम्ही हे सगळं फळ्यावर लिहिलं. एकही विशेषण नाही. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी ते वाचलं, सरपंचांच्या पोराने वाचलं, घरी जाऊन सांगितलं. टँकर आला का? आला, पण आठ दिवसांनी आणि दुसऱ्याच कारणाने. चमत्कार झाला असं सांगायला मला आवडलं असतं. त्या मुलीला मात्र पहिल्या तासाला कोणी मारलं नाही पुढे.

नंतर मी पत्रकारितेची पदविका केली. चांगली होती, मी तिला नावं ठेवत नाही. उलटा पिरॅमिड शिकलो, मथळे शिकलो, प्रेस कायदा शिकलो. पण आजही डेस्कवर एखाद्या नव्या पोराची कॉपी येते, ‘प्रशासनाचे दुर्लक्ष, नागरिकांमध्ये संतापाची लाट’, तेव्हा माझ्या तोंडून जे निघतं ते त्या व्हरांड्यातलं असतं. लाट म्हणजे किती जण? नावं दे. पोरं मला कंटाळलेली आहेत.

फळ्याची कल्पना बाईंची स्वतःची नव्हती, हे त्याच सांगायच्या. ती साने गुरुजींची.

साने गुरुजी म्हटलं की आपल्याला रडणं आठवतं. अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि महाराष्ट्राच्या डोक्यात श्याम आणि आई कायमची बसली. मास्तर मागे पडला. बाईंना याचा फार राग. त्या म्हणायच्या, हा माणूस आधी शिक्षक होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते ३०, सहा वर्षं. खानदेशातली पोरं, वसतिगृह त्यांच्याकडे. पोरांची अंथरुणं ते स्वतः आवरायचे हे सगळे सांगतात. पण त्या वसतिगृहात ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवायचे, हे कमी लोक सांगतात. दैनिक! रोज! हाताने लिहून! आम्हाला आज आवृत्ती वेळेत सोडायला दम लागतो. मग ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले.

नववीत आमची सहल नाशिकला आली. पंचवटी, काळाराम मंदिर, पांडवलेणी, ठरलेलं. परत फिरायच्या आधी बाईंनी ड्रायव्हरदादांना एसटी नाशिकरोडला घ्यायला लावली आणि सेंट्रल जेलसमोर उभी केली. पोरं खिदळायला लागली, सहल जेलमध्ये म्हणून. बाई दारातल्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि सांगितलं की १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला, एका मास्तरने या भिंतीच्या आत लिहायला बसून १३ तारखेच्या पहाटे ‘श्यामची आई’ हातावेगळं केलं. जवळजवळ सगळं पुस्तक पाच दिवसांत. "आणि ते रडायचं पुस्तक नाही. घरी गेलात की परत वाचा, आणि त्यात कोकणातल्या घरातले, स्वयंपाकातले, पाटावरवंट्याचे किती शब्द आहेत ते मोजा. आपल्या आईचे शब्द विसरू नयेत म्हणून एका भाषेच्या मास्तरने ते लिहून ठेवलेत." हे किती बरोबर, किती बाईंचं स्वतःचं, मला माहीत नाही. गुरुजींनी ते शब्दांसाठी लिहिलं असं मी कुठे वाचलेलं नाही. पण मी नंतर मोजायला बसलो होतो, एवढं खरं.

त्याच पायरीवरून त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, जे मला तेव्हा पटलं नव्हतं. इंग्रजांनी गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं तेव्हा तिथे त्यांनी तमिळ शिकून घेतली. बंगालीही. पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणलं. "जेलमध्ये माणूस काय करतो? सुटायची वाट बघतो. हे भाषा शिकत बसले." आंतरभारतीचं स्वप्न तिथलंच, एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा आपणहून शिकायची. आपणहून, हा शब्द बाई ठासून म्हणायच्या.

आता तो राग, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

गेल्या वर्षी आपल्याकडे तिसऱ्या भाषेवरून काय रान पेटलं होतं, आठवतंय ना? १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, पहिलीपासून हिंदी. मग १७ जूनचा दुरुस्त निर्णय, ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान वीस मुलं पाहिजेत, तेवढी नसतील तर ऑनलाइन. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती, ५ जुलैला वरळीत विजयी मेळावा. आम्ही पत्रकार तीन महिने दुसरं काही छापत नव्हतो. जूनच्या शेवटी मी बाईंकडे गेलो, प्रतिक्रिया घ्यायला. हिंदी हवी की नको, एवढंच मला दोन ओळींत पाहिजे होतं.

बाईंनी चहा ठेवला. म्हणाल्या, "शिकवणार कोण?"

मी म्हटलं, ते नंतर ठरेल, आधी तत्त्व.

"नंतर नाही रे. तेच आधी. वीस पोरं जमली तर माणूस, नाही जमली तर मोबाइल. सहा वर्षांचं पोर भाषा कुठे बघून शिकतं? तोंडाकडे बघून. माझ्या वर्गात कोकणा पोरं वर्षभर माझ्या तोंडाकडे बघत बसायची, मग एक दिवस बोलायची. आणि तुम्ही सगळे हिंदीवरून भांडताय, मराठी कोण शिकवतंय ते एकदा जाऊन बघा. तुझ्याच शाळेत जा."

ती प्रतिक्रिया छापून आली नाही. डेस्कवर म्हणाले, बाजूने आहे की विरोधात ते कळत नाही.

मी गेलो होतो शाळेत. बाई २००६ ला निवृत्त झाल्या. त्यांच्या जागेवर मराठीचा माणूस आलाच नाही. आधी काही दिवस तासिका तत्त्वावर कोणी कोणी, मग संस्थेतल्या एका मोठ्या माणसाने सांगितलं म्हणे, ‘मराठी काय, कोणीही घेतं’, आणि तास इतिहास-पीटीच्या सरांकडे गेले. सर बिचारे प्रामाणिक. दर रविवारी बाईंना फोन करून पुढच्या आठवड्याचा धडा विचारायचे, बाई अर्धा अर्धा तास सांगायच्या. दहा-बारा वर्षं हे फोनवरचं मराठी चाललं. गणिताला असं कोणी म्हणेल का, की काय, कोणीही घेतं? इंग्रजीला म्हणेल?

ही एका शाळेची गोष्ट नाही. २०१२ नंतर बरीच वर्षं शिक्षकभरती बंदच होती, मग पवित्र पोर्टल आलं, मग १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने पटाचं गणित बदललं आणि आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांच्या शाळांना धाकधूक लागली. पट कमी की पद कमी, आणि पद कमी झालं की उरलेल्यांत वाटून घ्यायचे विषयांत मराठीचा नंबर बहुतेक पहिला. कारण ती सगळ्यांना येतेच.

२०२० ला सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचा कायदा झाला, आम्ही एक लाखाच्या दंडाचा मथळा केला. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पहिलं पान रंगवलं, पेढे वाटले. डिसेंबर २०२१ ला आपल्या नाशकात आडगावला साहित्य संमेलन झालं, मी तीन दिवस तिथेच मुक्काम ठोकून होतो. येत्या २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या जयंतीला पुन्हा फेटे, दिंड्या, शाळाशाळांत भाषणं. मला यातल्या कशाचाही तिटकारा नाही, दिंडीत मीपण चालतो. पण माझ्या तालुक्यातल्या किती माध्यमिक शाळांत मराठी हा विषय मराठी शिकलेला माणूस शिकवतो, हा साधा आकडा मी मागतोय आणि तो मला अजून कुठल्याही टेबलावर मिळालेला नाही. ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे.’ बाई असत्या तर विचारलं असतं, कोण करतंय संकलित? नाव काय त्याचं?

त्यांच्याबद्दल एक राहिलंच. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी उर्दू लिपी शिकायला घेतली. मालेगावचे एक निवृत्त उर्दू शिक्षक नाशिकला मुलीकडे राहायला आले होते, बाईंच्याच इमारतीत. ते यांना उर्दू वाचायला शिकवायचे, या त्यांना मराठी ऱ्हस्व-दीर्घ. दोघांची वहीवरून भांडणं व्हायची. मुलगा म्हणायचा, आई, या वयात कशाला? तर म्हणाल्या, "मालेगाव माझ्या शाळेपासून तासाभरावर होतं. बत्तीस वर्षं तिथल्या दुकानांच्या पाट्या मला वाचता आल्या नाहीत." ते सर अमरधामला आले होते. काठी टेकत, शेवटपर्यंत उभे. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाईंचा ‘ऐन’ अजून सुधारायचा होता." मला हसू आलं आणि मग काही सुचेना.

शब्दांच्या वह्या बाईंच्या मुलाने परवा माझ्या घरी आणून दिल्या. नऊ आहेत. मला वाटायचं एकच होती, आमची. १९७६ पासूनच्या आहेत. शेवटची २००६ च्या मार्चमधली. एका वहीला पाणी लागलंय, पानं चिकटलीत, सोडवायची हिंमत होत नाहीये. काही शब्दांपुढे अर्थाची जागा कोरी आहे आणि ‘कोण बोलतं’ या रकान्यात ‘आजी’ लिहिलंय. त्या आज्या आता नाहीत. पण लिहिणारी पोरं आहेत, चाळिशी-पन्नाशी-साठीत, आणि यातले बरेच जण हे वाचत असणार.

तर मित्रांनो, १९७६ ते २००६ मध्ये ज्यांनी ज्यांनी त्या वहीत लिहिलंय त्यांनी सवडीने माझ्याकडे या. आपापलं पान बघा, आठवत असेल तर कोऱ्या जागा भरा. पेन्सिलनेच भरायच्या, वहीच्या पहिल्या पानावर बाईंनी तसं लिहून ठेवलंय. ओल्या वहीचं काय करायचं हे कोणा ग्रंथपालाला किंवा जुनी कागदपत्रं हाताळणाऱ्याला ठाऊक असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. ती मी सध्या पंख्याखाली उघडी ठेवली आहे, ते बरोबर आहे का तेवढं सांगा.